कुणाच्या हातचं पाणी?

 

नाताळ तोंडावर आला आहे. ख्रिस्ती घरांवर कागदी चांदण्या लागल्या आहेत, करंज्या-शंकरपाळ्यांचं तळण सुरू झालं आहे. बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही सहा-सात जणी. त्यातल्या दोघी ख्रिस्ती, बाकीच्या वेगवेगळ्या समाजांतल्या. आमच्या ख्रिस्ती मैत्रिणींच्या मनात हल्ली एक प्रश्न घोळतो आहे. पोरं शिकून पुण्या-मुंबईला गेली, रविवारच्या उपासनेला म्हातारी माणसं उरली. मोबाईलवर रोज कुणी ना कुणी कुणाच्या तरी धर्माबद्दल वाईटसाईट पाठवत असतं. अशा दिवसांत श्रद्धा टिकवायची कशी? आणि श्रद्धेबरोबर येणारी दया, तिचं काय?

प्रश्न त्यांचा आहे, पण थोड्या फरकानं तो तुमचा-आमचा सगळ्यांचाच आहे. उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्याच पुणे-नगर भागात गेल्या दीडशे वर्षांत अशा बायका होऊन गेल्या, ज्यांच्यापुढं हाच प्रश्न उभा होता. दुष्काळात, प्लेगात, घरच्यांनी टाकलेलं असताना, समाजानं नावं ठेवलेली असताना त्यांनी त्याचं उत्तर आपल्या कामातून दिलं. आज त्यांतल्या तिघींबद्दल बोलू. पण त्याआधी एक जुनी गोष्ट सांगायला हवी. तिच्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

भर दुपारची विहीर

ही गोष्ट ख्रिस्ती लोकांच्या पवित्र शास्त्रात, योहानाच्या शुभवर्तमानात आहे. येशू चालून चालून दमले होते. शोमरोन नावाच्या प्रांतात एका विहिरीपाशी बसले. भर दुपारची वेळ. एक बाई घागर घेऊन पाण्याला आली. येशू यहुदी आणि ती बाई शोमरोनी. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, मग त्यांच्या भांड्यातलं पाणी पिणं तर दूरच. त्यात या बाईचे पाच नवरे झालेले आणि आता ती एकाच्या घरी लग्नाशिवाय राहत होती. ती भर उन्हात, एकटीच पाण्याला का आली, हे शास्त्रात लिहिलेलं नाही. पण आपण गावात राहणाऱ्या बायका आहोत, आपल्याला अंदाज येतो.

आता पुढचं नीट ऐका. येशूंनी तिला उपदेश केला नाही, की तिच्या हातावर काही ठेवलं नाही. आधी त्यांनी तिच्याकडं प्यायला पाणी मागितलं. ती चकितच झाली. तुम्ही यहुदी असून माझ्या हातचं पाणी कसं मागता, असं तिनं विचारलं. मग दोघांचं बोलणं सुरू झालं. शेवटी ती बाई घागर तिथंच टाकून गावात गेली आणि जिला गावानं बाजूला टाकलं असेल, तीच सगळ्या गावाला बोलावून घेऊन आली.

दया म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? देणारा हात वर आणि घेणारा हात खाली. या गोष्टीत मात्र ज्याच्याकडं देण्यासारखं आहे, तोच आधी हात पुढं करतो. ज्या बाईला सगळे कमी लेखतात, तिच्याकडंही देण्यासारखं काही आहे, हे तो आधी मान्य करतो.

आमच्या समजुतीप्रमाणं ख्रिस्ती श्रद्धेतल्या दयेची ही नेमकी खूण आहे. पुढच्या तिन्ही बायकांच्या आयुष्यात पाण्याची हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपात भेटते.

केडगावचं माळरान

पहिल्या पंडिता रमाबाई. जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बाईनं संस्कृत शिकू नये, असं सगळे म्हणत असताना त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या आईनं रमाबाईंना. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांत पुराण सांगत फिरायचं. मग दुष्काळ पडला. रमाबाई विशीच्या आत होत्या, तेव्हा काही महिन्यांच्या अंतरानं आई, वडील आणि बहीण अन्नावाचून गेले. पुढं रमाबाईंनी लिहून ठेवलं आहे की भीक मागायची किंवा अंगमेहनतीचं काम करायची लाज वाटत होती आणि पोट भरायचा दुसरा कुठलाच हुन्नर हाताला नव्हता. विद्या भरपूर होती, पण त्या वेळी ती भाकरी देऊ शकली नाही. ही गोष्ट त्या कधी विसरल्या नाहीत.

उरलेल्या दोघा बहीण-भावांनी पायी देश पालथा घातला. १८७८ साली ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढं भाऊ वारला. त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. दोन वर्षं होतात न होतात तोच पटकीनं नवरा गेला. विशीतली विधवा, कडेवर मूल. त्या पुण्याला आल्या आणि १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज काढला.

डॉक्टर व्हायचं मनात धरून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्यानं ते जमलं नाही. तिथं वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींकडं त्या राहत होत्या. त्या भगिनींनी फुलहॅम इथं वाईट मार्गाला लागलेल्या बायकांसाठी घर चालवलं होतं. रमाबाईंनी ते पाहिलं. ज्या बायकांना आपल्याकडं कुणी उंबऱ्याशी उभं करत नाही, त्यांना इथं आजाऱ्याला सांभाळावं तसं सांभाळतात, हे पाहून त्यांना नवल वाटलं. हे कशामुळं, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका भगिनीनं त्यांना विहिरीवरच्या त्याच शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. ती गोष्ट रमाबाईंच्या मनात घर करून बसली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

पण मैत्रिणींनो, धर्म बदलला म्हणून रमाबाईंनी आपली बुद्धी कुणाकडं गहाण ठेवली नाही. वडीलधाऱ्या भगिनींनी आणि धर्मगुरूंनी सांगितलेलं मुकाट ऐकावं, अशी तिथं अपेक्षा होती. रमाबाईंनी पत्रं लिहून वाद घातला. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या ताब्यात जायला त्या तयार नव्हत्या. साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. श्रद्धा घेतली, पण ती आपल्या अंगणात लावली.

मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं. विधवांसाठी शाळा आणि राहायची सोय. पहिल्या विद्यार्थिनींत एक होती गोदूबाई, हीच पुढं धोंडो केशव कर्व्यांची पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं आणि १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसू लागल्या. या मुलींना ख्रिस्ती करणार, अशी ओरड झाली. सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं बाहेर पडली. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची बाजूही समजून घ्यायला हवी. शाळेत धर्म शिकवणार नाही, या शब्दावर त्यांनी मुली पाठवल्या होत्या आणि तो विश्वास हलला, असं त्यांना वाटलं. दुसरीकडं रमाबाईंचं म्हणणं असं की माझी प्रार्थना मी लपवून का करावी? हा पेच तेव्हा सुटला नाही, आजही पुरता सुटलेला नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं किड्यामुंग्यांसारखी मरत होती. रमाबाई स्वतः तिकडं गेल्या. दुष्काळी छावण्यांत पोरक्या मुलींवर नको ते प्रसंग येताना त्यांनी पाहिलं. आपलं बाळपण त्यांना आठवलं. तीनशेच्या आसपास मुली, बाया त्यांनी सोबत आणल्या. पुण्यात प्लेग होता, तिथं इतक्या जणींना ठेवता येईना. केडगावला, आताच्या दौंड तालुक्यात, त्यांनी फळबागेसाठी जमीन घेतली होती. तिथं उघड्या माळावर राहुट्या पडल्या. १८९८ मध्ये तिथं मुक्ती सदनाची इमारत उभी राहिली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि केडगावचं कुटुंब दोन हजारांच्या घरात गेलं.

दोन हजार जणी! आपल्याला दहा जणींच्या गटाचा हिशेब ठेवताना घाम फुटतो. त्यांना पाणी कुठलं? रमाबाईंनी विहिरी खणून घेतल्या. अन्न कुठलं? थोडं देणग्यांतून, थोडं शेतातून. आणि बसून कुणालाच खायचं नव्हतं. विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, गाईगुरं, शेती, आजाऱ्यांची शुश्रूषा आणि छापखाना, सगळं बायका चालवायच्या. अंध मुलींनासुद्धा मनोरमानं ब्रेल लिपी शिकून वाचायला शिकवलं, टोपल्या विणायला शिकवलं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. भीक लाजिरवाणी आणि हुन्नर ठाऊक नाही, यापायी रमाबाईंच्या घरची तीन माणसं गेली होती. ती वेळ केडगावच्या एकाही मुलीवर येऊ नये, अशी ती व्यवस्था होती.

दया असली म्हणजे तोंड बंद ठेवायचं, असंही रमाबाईंनी मानलं नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या नावाखाली बायकांची जी हेळसांड चालली होती, तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. त्याची चर्चा पार विलायतेच्या पार्लमेंटात झाली. सरकार ख्रिस्ती, रमाबाई ख्रिस्ती. पण बाईच्या अब्रूचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी सरकारची भीड ठेवली नाही.

आयुष्याच्या शेवटी शेवटी त्यांनी आणखी एक मोठं काम केलं. संस्कृतच्या एवढ्या पंडित बाई, पण पवित्र शास्त्राचं भाषांतर त्यांनी केलं ते साध्या मराठीत, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल असं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ते दुःख पोटात घालून त्यांनी काम पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले. तो ग्रंथ मुक्तीच्या बायकांनी आपल्याच छापखान्यात छापला. दुष्काळात मरायला टेकलेल्या मुली एक दिवस शास्त्र छापून लोकांच्या हातात देतात, याचा विचार करा. घेणारा हात देणारा झाला. विहिरीवरच्या बाईसारखंच.

एक गोष्ट लपवायला नको. मुक्तीत आलेल्या बहुतेक मुली पुढं ख्रिस्ती झाल्या. त्यावरून तेव्हा टीका झाली, आजही होते. आमचं म्हणणं एवढंच की भुकेल्याला घास देताना त्याच्यावर कसलीच अट नसावी. श्रद्धा ज्याची त्यानं, पोट भरलेलं असताना, मोकळ्या मनानं ठरवावी. ही कसोटी रमाबाईंच्या कामालाही लावावी आणि आजच्या प्रत्येक धर्माच्या दानधर्मालाही.

टिळकांच्या घरातल्या दोन घागरी

आता केडगावहून नगरकडं, आजच्या अहिल्यानगरकडं येऊ. इथं १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं. मिस सिंथिया फरार या अमेरिकन बाई इथं मुलींच्या शाळा चालवत. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडंच घेतलं. याच नगरशी पुढं एका घराचं नाव जोडलं गेलं. कवी नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचं.

लक्ष्मीबाई जन्मल्या १८६८ मध्ये, नाशिकजवळच्या जलालपूरला. माहेरी सोवळ्याओवळ्याचा अतिरेक. वडिलांना शिवाशिवीचं वेडच म्हणा ना. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. लहानग्या मुलाला घेऊन काही वर्षं त्या माहेरच्या आधारानं राहिल्या. पुढं नवऱ्याजवळ येऊन राहू लागल्या. पण चूल वेगळी, पाणी वेगळं. एकाच संसारात नवऱ्याची घागर निराळी आणि बायकोची निराळी.

हे कसं बदललं? कुणी जबरदस्ती केली नाही. टिळकांनी वाट पाहिली. लक्ष्मीबाईंनीच एकदा मनाशी विचार केला की या जाती देवानं केल्या की माणसांनी? देवानं केल्या असत्या तर माणसामाणसात काही खूण दिसली असती. तशी दिसत नाही, म्हणजे हे माणसांचंच काम. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं की कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं. लक्षात घ्या, तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो झाला १९०० मध्ये. पाणी आधी, बाप्तिस्मा मागाहून.

पुढं त्यांचं घर दुसऱ्यांच्या पोरांनी भरून गेलं. घरात पैसा नाही, टिळक हाती येईल ते देऊन मोकळे होणारे, आणि संसाराची तोंडमिळवणी करायची लक्ष्मीबाईंनी. त्यांनी ती हसत-रागावत केली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिलं. १९३४ पासून ते छापून येऊ लागलं आणि आजही मराठीतलं अव्वल पुस्तक मानलं जातं. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा येशूच्या चरित्रावरचं 'ख्रिस्तायन' हे त्यांचं काव्य अर्धवट राहिलं होतं. तेही लक्ष्मीबाईंनी पुढं नेऊन पुरं केलं.

टिळकांनी स्वतः येशूची भजनं अभंगात, ओवीत रचली. ज्ञानोबा-तुकोबांची वाट सोडली नाही. म्हणून आज आपल्या भागातल्या देवळांत टाळ-मृदंगावर ख्रिस्ती भजनं होतात. श्रद्धा बाहेरून आली म्हणतात, पण ती जगली ती इथल्या भाषेवर, इथल्या चालींवर.

जामखेडचा हातपंप

तिसरी गोष्ट आपल्या आयांच्या काळातली. डॉ. मेबल आरोळे आणि त्यांचे पती डॉ. रजनीकांत आरोळे. दोघं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. लग्न करतानाच दोघांनी शपथ घेतली की उभं आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं. काही वर्षं नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केलं. तिथं त्यांच्या लक्षात आलं की आपण मुलं बरी करून पाठवतो आणि तीच मुलं त्याच आजारानं परत येतात. घाण पाणी, अपुरं अन्न आणि अडाणीपणा गावातच आहे, मग नुसत्या दवाखान्यानं काय होणार?

पुढं शिकून ते १९७० मध्ये जामखेडला आले. कायमचा दुष्काळी तालुका. १९७१ च्या सुमारास तिथं जन्मणाऱ्या दर हजार बाळांतली १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. हे समजायला सोपं करून सांगायचं तर दर सहा पाळण्यांतला एक रिकामा होत होता.

आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावोगाव पाठवून पाहिल्या. त्या खेड्यात राहायला तयार होईनात. मग आरोळे दांपत्यानं वेगळाच विचार केला. गावातलीच एक बाई निवडायची आणि तिला शिकवायचं. निवडल्या गेलेल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या, दलित होत्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या, काही विधवा. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या. गरोदर बाईची तपासणी कशी करायची, बाळाचं वजन कसं घ्यायचं, जुलाब लागले तर मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, बाळंतपणात हात आणि नाळ कापायची वस्तू स्वच्छ कशी ठेवायची, हे सगळं शिकून गावात जायच्या. कुष्ठरोग झालेल्याला गावाबाहेर न काढता औषध कसं द्यायचं, हेही.

सुरुवातीला वरच्या म्हणवणाऱ्या घरांनी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पण रात्री-अपरात्री बाळंतीण अडली की हाक त्यांनाच जायची. हळूहळू उंबरा झिजला. पुढच्या वीस-बावीस वर्षांत बालमृत्यूचं प्रमाण हजारी विसाच्या आसपास उतरलं. आज आपल्या गावात आशाताई फिरते. तिच्या मागं ज्या ज्या ठिकाणचे अनुभव आहेत, त्यात जामखेडचा वाटा मोठा आहे.

आणि पाणी? १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास गावांना हातपंप मिळू लागले. आरोळे दांपत्यानं अशी युक्ती केली की पंप शक्यतो दलित वस्तीत बसावेत. मग काय, सगळ्या गावाला हंडा घेऊन तिथंच जावं लागलं. ज्या वस्तीच्या बायकांना गावच्या आडापासून दूर उभं राहून कुणी पाणी वाढेल का, याची वाट पाहावी लागे, त्या वस्तीत आता गाव पाणी मागायला आलं. भाषण नाही, भांडण नाही. येशूंनी विहिरीवर जे केलं, तेच या दोघांनी पंपाच्या जागेवरून केलं, असं आम्हाला वाटतं.

जामखेडच्या एका आरोग्य सेविकेनं परदेशात मोठमोठ्या लोकांच्या सभेत एक दाखला दिला होता. तिच्या सांगण्याचा मतलब असा, की डॉक्टर म्हणजे महागडं झुंबर, उजेड भरपूर, पण ते एकाच ठिकाणी टांगलेलं. आणि आम्ही म्हणजे साध्या दिवल्या. पण एका दिवलीवरून दुसरी लावता येते, झुंबरावरून नाही. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. दिवल्या मात्र राहिल्या.

दुसरी बाजूही सांगायला हवी

पाण्याचा हा लढा काही ख्रिस्ती लोकांनी एकट्यानं लढला नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि तिथं कुणाची दया मागितली नव्हती, आपला हक्क बजावला होता. दयेपेक्षा हक्क मोठा, हे आपण कधी विसरू नये.

दुसरं असं की ख्रिस्ती झालं म्हणजे जात गेली, असंही झालं नाही. नगर भागात १८७६-७८ च्या दुष्काळानंतर अनेक महार-मांग कुटुंबं ख्रिस्ती झाली. देवळात सगळे एका बाकावर बसले, पण सोयरीक जुळवताना जुनी जात हळूच विचारली गेली, अजूनही विचारली जाते. आमच्या ख्रिस्ती मैत्रिणीच हे सांगतात. म्हणजे विहिरीवरची ती गोष्ट शास्त्रात असून भागत नाही. प्रत्येक पिढीला ती नव्यानं करावी लागते.

आपल्या गटातला चहा

आता आपल्याकडं वळू. गटात आपण एकत्र बचत करतो, एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतो, बँकेच्या कागदावर एकीखाली एक सह्या करतो. पण बैठक अमुक एका वस्तीत असली की काही जणींना नेमका उपास असतो. कुणाचं पित्त उठलेलं असतं. चहाचा कप तसाच राहतो, साय धरते. ज्या ताईनं तो केलेला असतो, तिला सगळं समजतं. ती काही बोलत नाही. पुढच्या वेळी बैठक आपल्या घरी नको, म्हणते. आम्ही हे एका गावात नाही, अनेक गावांत पाहिलं आहे. इतिहासातली गोष्ट म्हणून हे सोडून देता येत नाही.

आणि दुसरी एक गोष्ट. एका गटात एक ताई अडचणीत होती. नवरा दारूत बुडालेला, तीन लेकरं. बाकीच्या जणींनी मिळून तिला दर महिन्याला धान्य द्यायला सुरुवात केली. चांगलंच काम. पण तिसऱ्या महिन्यापासून ती बैठकीला येईना. घरी जाऊन विचारलं तर म्हणाली, "फुकटचं खाऊन चारचौघींत तोंड वर कसं करू?" मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हिच्या हातचा काळा मसाला सगळ्या गावाला आवडतो. गटानं मसाला करायचं ठरवलं आणि शिकवायला तिलाच बोलावलं. त्या दिवसापासून तिची एकही बैठक चुकलेली नाही. धान्य तेच, पण आता ती नुसती घेणारी राहिली नव्हती.

आमच्या ख्रिस्ती मैत्रिणींना म्हणून सांगावंसं वाटतं की श्रद्धा टिकवायची चिंता आहे ना, तर देवळात किती डोकी आली, एवढंच मोजू नका. रमाबाईंच्या काळी गरज छपराची होती, जामखेडला गरज ज्ञानाची होती. आज गरज कशाची आहे, ते शेजारी जाऊन विचारा. पोरं शहरात गेल्यावर एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या आहेत. खाजगी कर्जाच्या हप्त्यांत अडकलेल्या सुना आहेत. ऊसतोडीला गेलेल्यांची मागं राहिलेली लेकरं आहेत. तरुण पोरांना उपासनेला या म्हणण्याआधी असं एखादं काम त्यांच्या हातात द्या. आणि ज्यांच्यासाठी काम करायचं, त्यांच्याकडून काही शिकायला, काही मागायलाही सांगा. एकट्या आजीला साडी नेऊन द्याल, ती घेईल. पण तिच्याकडून गोधडीचे टाके शिकायला बसाल, तर ती उद्या तुमची वाट पाहील.

बाकी सगळ्या मैत्रिणींनाही हेच. ज्या धर्मावर मोबाईलमध्ये वाईट वाचलंत, त्या धर्माच्या एखाद्या घरात या महिन्यात जाऊन पाणी प्या. मागून प्या. मग तो मेसेज पुढं पाठवायचा की नाही, ते ठरवा.

येत्या बैठकीत, बचत आणि वसुली झाल्यावर, दहा मिनिटं काढून या तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गटाची बैठक कुणाच्या घरी कधीच झालेली नाही, आणि का? आपण जिला मदत करतो, तिच्याकडून आपण आजवर काय घेतलं, काय शिकलो? आणि आपल्या गावच्या पाणवठ्यावर आजही कुणाला थांबून राहावं लागतं का? उत्तरं इतिवृत्तात लिहून ठेवा. पुढच्या बैठकीची जागा त्यावरून ठरवा आणि तिथला चहा गरम असतानाच प्या.

आमच्या ख्रिस्ती बहिणींना नाताळाच्या मनापासून शुभेच्छा.